गावात राहून चांगली बिअर: विदर्भाच्या उन्हात शोधायची कशी, आणायची कशी, टिकवायची कशी

पुण्याच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर तिथेच बनवून तिथेच पाजणाऱ्या छोट्या ठिकाणी, किंवा बेल्जियम-जर्मनीत चांगल्या बिअरची चव एकदा लागली की जीभ मागे फिरत नाही. मग शेतीसाठी, आईवडिलांसाठी किंवा बदली झाली म्हणून माणूस पुसद, तुमसर, दर्यापूर, मूल अशा ठिकाणी येऊन राहतो. तिथल्या बिअर शॉपीत ओळीने स्ट्राँगच्या बाटल्या, आणि वरच्या फळीवर धूळ खात पडलेली एखादी 'इम्पोर्टेड'. ती महागाची बाटली हौसेने घरी नेली तर बरेचदा निराशाच पदरी पडते. दोष त्या देशाचा नसतो, ब्रुअरीचाही नसतो. ती बाटली आपल्या उन्हात शिजलेली असते.

म्हणून या लेखातली सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: विदर्भात चांगली बिअर हवी तर आधी ताजी आणि थंडाव्यात राहिलेली बिअर शोधा. नाव, देश आणि किंमत त्यानंतर.

आधी जिल्हा आणि रस्ता बघा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चुकलात तर गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जाते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३पासून आहे. चंद्रपूरला २०१५मध्ये लागली होती, ती २०२१मध्ये उठली. वर्धा आणि गडचिरोलीच्या वाचकांना माझा सल्ला साधा आहे: घरी आणून ठेवायचा विचार करू नका. नागपूर, चंद्रपूर किंवा पुण्याला मुक्कामी जाल तेव्हा तिथेच बसून प्या.

बाकी जिल्ह्यांतल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट रस्त्याची. चांगला माल नागपुरात मिळतो म्हणून यवतमाळ, वणी, पांढरकवडा, अमरावतीकडची मंडळी नागपूरला गाडी काढतात. पण नागपूरहून देवळी-कळंबमार्गे यवतमाळला या, हिंगणघाटवरून पांढरकवड्याला या, कारंजा घाडगे-तळेगाववरून अमरावतीला या, नाहीतर समृद्धी महामार्गाने या, वर्धा जिल्हा ओलांडावाच लागतो. रेल्वेचा मुख्य मार्गही वर्ध्यावरूनच जातो. डिक्कीत बिअरची पेटी घेऊन बंदीच्या जिल्ह्यातून जाणं हा सरळ धोका आहे, आणि 'आम्ही तर पुढे चाललो होतो' हे नाक्यावर कोणी ऐकत नाही.

त्यामुळे खरेदीचं शहर आपल्या दिशेने ठरवा. भंडारा-गोंदियाला नागपूर बरं, महामार्गावर बंदीचा जिल्हा लागत नाही. चंद्रपूरकडच्यांनी नागपूरहून आणायची तर जांब-वरोरा रस्ता सोडून उमरेड-भिवापूर-चिमूरचा धरावा. वरूड-मोर्शीवाल्यांना काटोल-जलालखेड्याचा रस्ता आहे. यवतमाळ, वाशीम, दर्यापूर, अकोट या भागांनी अमरावती किंवा अकोल्यातच दुकान हेरावं. बुलडाण्याला छत्रपती संभाजीनगर जवळ पडतं, आणि त्याचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे येईल.

सीमेवरच्या गावांना शेजारच्या राज्याचा मोह होतो: गोंदियाला छत्तीसगड आणि बालाघाट, पांढरकवड्याला आदिलाबाद, धारणी-परतवाड्याला मध्य प्रदेश. तिकडची बाटली इकडे आणू नका. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं असतं, आणि बाटली कोणत्या राज्यात विकायची आहे ते लेबलवरच छापलेलं असतं. नाक्यावर तेच आधी वाचतात.

राहिला परवाना. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म असे तिन्ही मिळतात. आजन्म काढून मोकळे व्हा. परवाना आणि दुकानाचं बिल गाडीत एकत्र ठेवा, आणि परवान्यावर जितकी मर्यादा आहे तितकंच आणा. घरी बिअर गाळायचं साहित्य ऑनलाइन दिसतं, पण परवान्याशिवाय बिअर तयार करणं आपल्याकडे गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

ज्या गावात बायांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून दुकान बंद पाडलंय, तिथे घरी पेटी नेताना त्याचा मान राखा. त्या मतदानामागे त्यांनी काय भोगलेलं असतं ते आपण पाहिलेलं आहे. चौकात बाटली मिरवायची काही गरज नसते.

ऊन बिअरचं काय करतं

हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप जमतं.

बिअर म्हणजे पाणी, मोड आणून वाळवलेलं जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. यातला हॉप्सचा सुगंध सगळ्यात नाजूक. बाटलीत थोडासा प्राणवायू राहतोच. उष्णतेने त्याची माल्टशी चाललेली क्रिया वेगाने होते, आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. फळांचा, फुलांचा वास आधी जातो, गोडसर शिळेपणा मागे राहतो.

ब्रुअरीवाल्यांचा याबद्दल एक ठोकताळा आहे: ३-३०-३००. सुमारे ३२ अंशांत ३ दिवस राहिलेली बिअर जितकी उतरते, तितकी २२ अंशांत ३० दिवसांनी आणि ३ अंशांत ३०० दिवसांनी उतरते. हे काटेकोर गणित नव्हे, पण दिशा अचूक आहे. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५च्या वर जातो. पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. तिथे आठवडाभर राहिलेली नाजूक आयपीए, म्हणजे हॉप्सचा वास आणि कडवटपणा भरपूर असलेली बिअर, नंतर कितीही दिवस फ्रिजमध्ये ठेवली तरी पहिल्यासारखी होत नाही. थंड केल्याने बिघाड मंदावतो, झालेला भरून निघत नाही.

दुसरा शत्रू उजेड. हॉप्समधली कडवट द्रव्यं उजेडाने तुटतात आणि गंधकाचं एक उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. उन्हात हे काही मिनिटांत होतं, दुकानाच्या काचेच्या फ्रिजमधल्या ट्यूबलाइटखाली हळूहळू होतं. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी थोडासा, बिनरंगी जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही. म्हणून बिअर तीच असेल तर बाटलीपेक्षा कॅन घ्या. आपल्या भागात मी हा नियम कधीच मोडत नाही.

दुकान आणि दुकानदार

राज्यात दुकानांचे प्रकार ठरलेले आहेत. एफएल-टू म्हणजे वाइन शॉप, तिथे सगळं सीलबंद मिळतं. एफएल-बीआर-टू म्हणजे बिअर शॉपी, फक्त बिअर आणि वाइन. एफएल-थ्री म्हणजे परमिट रूम, तिथे बसून प्यायचं असतं. क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअरींची वेगळ्या चवीची बिअर, किंवा आयात बिअरसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं वाइन शॉप आधी बघा. तालुक्याच्या बिअर शॉपीकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण पेटी मागवून देणारा माणूस तिथेच भेटतो.

पहिल्या भेटीत काहीही न घेता नुसतं बघा. बिअरचा साठा कुठे ठेवतात? रस्त्याकडच्या फळीवर दुपारचं ऊन येतं का? भारनियमनात फ्रिजचं काय होतं, इन्व्हर्टर आहे का? गिऱ्हाईक किती आहे? ज्या दुकानात शनिवारी संध्याकाळी रांग असते तिथला माल पडून राहत नाही. सजावटीच्या दुकानापेक्षा गर्दीचं दुकान बरं.

मग मालकाशी बोला. काउंटरवरच्या पोराला घाईत विचारून काही कळत नाही. दुपारी तीन-चारच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असताना जा आणि सरळ विचारा, "भाऊ, नवा माल कोन्त्या वारी येते जी? पेटीवरची तारीख दाखवता का?" पहिल्यांदा तो थोडा चमकतो. तारीख विचारणारं गिऱ्हाईक त्याने फारसं पाहिलेलं नसतं. पण दोन-तीनदा विचारलं की तोच आतून ताजी पेटी काढून देतो आणि म्हणतो, "तुमच्यासाठी मांग ठेवली होती." आपल्या भागात अशी ओळख कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त कामाची.

दुकानात नसलेली बिअर मागवायची तर दुकानदाराची अडचण समजून घ्या. त्याला घाऊक विक्रेत्याकडून माल पेटीने घ्यावा लागतो. ६५० मिलीच्या बाटल्यांची पेटी १२ची, ३३० मिलीची २४ची, ५०० मिलीच्या कॅनचीही २४ची. तुम्ही दोन बाटल्या घेणार आणि बाकीच्या त्याच्या गळ्यात पडणार, म्हणून तो नाही म्हणतो. आजूबाजूच्या गावांतले चार-सहा आवडीचे लोक जमवा: बँकेतला कोणी, कृषी अधिकारी, पुण्याहून घरून काम करणारा इंजिनिअर. प्रत्येकाच्या नावावर ठराविक बाटल्या लिहून द्या, थोडी आगाऊ रक्कम द्या, आणि ठरलेल्या दिवशी आपापल्या परवान्यावर उचला. तीन महिने हे नियमाने केलंत तर दुकानदार ती बिअर स्वतःहून ठेवायला लागतो. मागवताना एकच गोष्ट पक्की बोला: पेटी आली की फोन करायचा, आणि त्याच दिवशी न्यायची.

'घरपोच इम्पोर्टेड बिअर' म्हणून मोबाइलवर येणारे नंबर टाळा. आगाऊ पैसे मागितले की समजायचं, यातून बाटली येणार नाही. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी घेत असेल तर बिल मागा. बिलाचं नाव काढलं की भाव बहुतेकदा जागेवर येतो.

लेबल वाचायला शिका

बाटली हातात घ्या आणि समोरचं चित्र सोडून मागचं, मानेवरचं, कॅन असेल तर बुडावरचं बारीक छापलेलं वाचा. उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर तिथे असतो. शाईचा ठिपक्या-ठिपक्यांचा शिक्का असतो, ओल्या बोटाने पुसटही होतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. भारतात तयार झालेली साधी लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकी सोनेरी बिअर, तीन महिन्यांच्या आतली असेल तर बिनधास्त घ्या. आयपीए किंवा गव्हाची बिअर असेल तर दोन महिन्यांनंतर मी हात आखडता घेतो. मार्च ते जूनमध्ये याहून कडक राहा.

आयात बाटलीवर वेगळं स्टिकर असतं. त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक असायलाच हवा. स्टिकरच नसेल तर ती बाटली कुठल्या वाटेने आली कोण जाणे, घेऊ नका. तारीख वाचताना देश बघा: युरोपात दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी. ०४/०९ म्हणजे युरोपच्या बाटलीवर चार सप्टेंबर, अमेरिकेच्या बाटलीवर नऊ एप्रिल. पाच महिन्यांचा फरक पडतो.

आता ती नावाची गोष्ट. हायनेकन, कार्ल्सबर्ग, ट्यूबोर्ग, बडवायझर ही नावं परदेशी, पण आपल्या दुकानात दिसणारी त्यांची बिअर भारतात तयार होते. 'मग ही इम्पोर्टेड कुठे' म्हणून लोक नाक मुरडतात. मला उलट वाटतं. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. तिथून निघालेली बाटली काही तासांत पश्चिम विदर्भात पोचते. समुद्रातून कंटेनरमध्ये आलेली, बंदरात थांबलेली, मग ट्रकने आलेली बाटली आणि ही महिन्याभराची बाटली शेजारी ठेवून चाखा, साध्या लागरमध्ये बहुधा जवळचीच जिंकते. बुलडाणा-वाशीमच्या लोकांचा फायदा म्हणालो तो हाच.

भारतीय क्राफ्टमध्येही हाच हिशोब लावा. बिरा ९१ २०१५मध्ये बाजारात आली आणि तिच्यामुळे गव्हाची बिअर छोट्या शहरांत पोचली. सिम्बा छत्तीसगडच्या दुर्गमधली, म्हणजे गोंदियाच्या शेजारची. अर्थात महाराष्ट्रात विक्रीसाठी आलेलीच घ्यायची. पुण्यात डूलालीने २००९मध्ये मायक्रोब्रुअरीची सुरुवात केली आणि आज तिथे बऱ्याच आहेत. पुण्याला मुलाकडे, भावाकडे जाल तेव्हा तिथे बसून नळाची ताजी बिअर प्या. चव पारखायची ती खरी शाळा. लहान ग्लासांचा नमुना संच मागा, म्हणजे एका बैठकीत चार-पाच प्रकार कळतात आणि डोकंही ताळ्यावर राहतं.

आकडा बघायला विसरू नका. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंतची माइल्ड, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. चव घ्यायची असेल तर माइल्डच घ्या. गावातल्या दुकानात स्ट्राँगच जास्त खपते म्हणून माइल्ड पडून राहते, त्यामुळे माइल्ड घेताना तारीख दोनदा बघा.

कोणत्या महिन्यात काय

मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत बाहेरून काही नाजूक मागवू नका. त्या काळात ताजी, भारतात तयार झालेली लागर, कॅनमधली, आणि फ्रिजमधूनच उचललेली. आयपीए तर नकोच. ज्या बिअरचं सगळं मोल हॉप्सच्या वासात, तिला विदर्भाचा उन्हाळा सोसवत नाही.

दिवाळी ते शिवरात्र हा आपला हंगाम. थंडी असते, ट्रकही थंड असतात, गोदामंही. आयात बिअर, आयपीए, गव्हाची हेफेवाइझेन, बेल्जियन विट या काळात मागवा. विट बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल घालतात. डिसेंबरात वरूडच्या बागा पिकल्या असताना ती ग्लासात ओतली की त्या सालीचा वास इथल्या माणसाला चटकन ओळखू येतो. मला ही बिअर आपल्या भागाला सगळ्यात शोभणारी वाटते.

पावसाळ्यात काळी स्टाउट बघा. भाजलेल्या माल्टमुळे ती थोडाफार जुनेपणा सोसते.

आणणं आणि ठेवणं

मासे विकणाऱ्यांकडे थर्माकोलचे जाड डबे असतात. भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या भागात तर कुठल्याही बाजारात मिळतात. असा एक नवा, कोरा डबा घ्या, झाकण चिकटपट्टीने बंद होईल असा. खाली बर्फ, मध्ये बाटल्या उभ्या, वर पुन्हा बर्फ आणि ओलं गोणपाट. डबा डिक्कीत ठेवण्यापेक्षा एसी चालू असेल तर मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. खरेदी सगळ्यात शेवटी करा: दवाखाना, बियाणं, कपडे सगळं उरकून, गाडी घराकडे वळवताना. पेटी गाडीत ठेवून दिवसभर शहरात फिरलात तर डब्याचाही उपयोग नाही. आणि चालवणाऱ्याने वाटेत एकही उघडायची नाही.

घरी आल्यावर थेट फ्रिज. जागा नसेल तर जितकी मावते तितकीच आणा, हे मी आग्रहाने सांगतो. तरी काही बाहेर ठेवायचीच वेळ आली तर मातीच्या घराची आतली, खिडकी नसलेली खोली निवडा. जमिनीवर वाळूचा थर, त्यावर बाटल्या उभ्या, वर ओलं पोतं, आणि पोतं दिवसातून दोनदा भिजवायचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, म्हणून हा थंडावा चांगला मिळतो. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा याचा उपयोग नाही. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, स्वयंपाकघरात ओट्याजवळ बाटली ठेवू नका.

पाहुणे दारात आणि बिअर गरम असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ घाला. बाटल्या मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत पिण्याजोग्या होतात. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते.

परदेशातून येताना

मुलगा, भाऊ किंवा तुम्ही स्वतः परदेशातून येणार असाल तर एका प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली, बरोब्बर बसतात. त्या सहा जागा वाया घालवू नका. इथे मिळत नाही आणि प्रवासात बिघडत नाही असंच आणा: बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट मठांच्या गडद, जोरकस बिअर. रोशफोर्ट १० ही ११.३ टक्क्यांची, शिमे ब्लू ९ टक्क्यांची. यांच्या बाटलीत जिवंत यीस्ट असतं, ते उरलासुरला प्राणवायू वापरतं, म्हणून या बिअर वर्षानुवर्षं मुरतात. वेस्टमाल ट्रिपल फिकी आहे पण ९.५ टक्क्यांची, तीही तग धरते. प्रत्येक बाटली मोज्यात घालून, प्लास्टिक पिशवीत बांधून, बॅगेच्या मधोमध कपड्यांत. घरी आल्यावर दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसतो. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

नागपूरला उतरून गाव यवतमाळकडे असेल तर रस्त्याचा प्रश्न इथेही तोच आहे. तशा वेळी मुंबई-पुण्यावरून अकोला किंवा बडनेरा गाठणं चांगलं वाटेल, पण रेल्वेत दारू नेण्याची भानगड ओढवून घेऊ नका. स्वतःच्या गाडीने या, परवाना आणि विमानाचं तिकीट जवळ ठेवा.

ग्लास आणि ताट

स्टीलच्या पेल्यात किंवा बाटलीला तोंड लावून चांगली बिअर पिऊ नका, वास कळतच नाही. काचेचा साधा उंच ग्लास पुरे. फक्त तो भांड्यांच्या साबणाचा आणि तेलाचा अंश राहणार नाही असा धुतलेला हवा. साबण राहिला की फेस क्षणात बसतो. धुतलेला ग्लास पुन्हा साध्या पाण्याने खळखळून उपडा ठेवा, फडक्याने पुसू नका.

थंडपणाही ठरवून ठेवा. लागर ५ अंशांच्या आसपास, गव्हाची थोडी वर, आयपीए ७ ते १०, स्टाउट आणि बेल्जियन गडद १० ते १३. म्हणजे शेवटच्या दोन प्रकारांना फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवायचं. मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात.

सावजी रश्श्याबरोबर आयपीए घेऊ नका. कडवटपणा तिखटाला आणखी पेटवतो आणि दोन्ही वाया जातात. सावजीला माल्टचा गोडवा असलेली तांबूस बिअर किंवा साधी लागर चालते. वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि भाकरीबरोबर हेफेवाइझेन अप्रतिम लागते. तिच्यातला केळी-लवंगेचा वास यीस्टमधून येतो, वरून काही घातलेलं नसतं. पाटोडीच्या रश्श्याला विट. स्टाउटबरोबर नुसते भाजलेले शेंगदाणे घ्या, मीठ न लावलेले.

आणि एक वही करा. बिअरचं नाव, दुकान, उत्पादनाची तारीख, महिना, आणि चव कशी लागली ते एका ओळीत लिहा. एका हंगामात कळतं की कोणतं दुकान माल जपतं आणि कोणतं नाही. ती वही त्या चार-सहा जणांत फिरू द्या.